भजनी मंडळ आणि ऑर्केस्ट्रासाठी छोटी अ‍ॅनालॉग यंत्रे : निवड कशी करावी

निपाणी परिसरातील एका तरुण वादकाने प्रश्न विचारला आहे. ते जत्रेच्या आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतात, एकादशीला गावच्या भजनी मंडळाला साथ करतात आणि आता साठवलेल्या पैशांतून एखादे छोटे अ‍ॅनालॉग ड्रम मशीन (ताल वाजवणारे यंत्र) आणि जमल्यास एक छोटा सिंथेसायझर (स्वर वाजवणारे यंत्र) घेण्याच्या विचारात आहेत. कोर्गचे वोल्का बीट्स घ्यावे की आर्टुरियाचे ड्रमब्रूट इम्पॅक्ट, सिंथेसायझर कोणता घ्यावा, जुने यंत्र घेतले तर चालेल का, ही यंत्रे आपल्या तालांना आणि आपल्या गायकांच्या पट्टीला चालतील का, आणि मोबाईलमधील अ‍ॅपपेक्षा यांत खरोखर काही जास्त मिळते का, असे त्यांचे विचारणे आहे.

माझे मत आधीच सांगतो. यंत्र जरूर घ्यावे, परंतु ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द पाहून घेऊ नये. आपल्याकडच्या वादकासाठी निवड ठरते ती यंत्राचे आवर्तन सहा, सात किंवा दहा मात्रांवर तोडता येते का, त्याचा सूर गायकाच्या षड्जाला मिळवता येतो का, आणि ठोक्यांत जोर-हलकेपणा ठेवता येतो का, यांवर. आवाज विजेच्या सर्किटमधून थेट निघतो (अ‍ॅनालॉग) की संगणकी चिपमधून (डिजिटल), हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

अ‍ॅनालॉगपणाबद्दल जो गोंधळ आहे तो प्रथम दूर करणे बरे. रोलँडचे टीआर-८०८ हे १९८० साली आलेले यंत्र पूर्णपणे अ‍ॅनालॉग होते. त्यातील किकचे, म्हणजे खर्जातल्या मोठ्या ढोलाच्या आवाजाचे, सर्किट म्हणजे एक फिल्टरच (आवाज गाळणारा भाग) आहे, जो विजेचा छोटा धक्का बसला की देवळातील घंटेसारखा कंप पावतो आणि हळूहळू विरतो. मात्र १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये हाय-हॅट आणि सिंबल हे झांजांचे आवाज ध्वनिमुद्रित नमुने होते, आणि तरीही त्या यंत्राला कोणी कमी लेखले नाही. आजच्या छोट्या यंत्रांतही हीच सरमिसळ आहे. २०१३ साली आलेल्या वोल्का बीट्समध्ये किक, स्नेअर (खरखरीत आवाजाचा छोटा ढोल), टॉम (सुराचा ढोल) आणि हाय-हॅट अ‍ॅनालॉग आहेत, तर टाळी, क्लेव्ह (लाकडी काठ्यांचा ठोका), अगोगो आणि क्रॅश हे नमुने आहेत. आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीक या सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटर (मूळ स्वर निर्माण करणारा भाग) डिजिटल आणि फिल्टर अ‍ॅनालॉग आहे. रोलँडचे टी-८ हे संपूर्ण डिजिटल आहे, पण जुन्या यंत्रांचे आवाज ते इतके जवळून देते की जत्रेच्या मैदानावर उभ्या असलेल्या श्रोत्याला फरक कळणार नाही.

मग अ‍ॅनालॉग सर्किटाचा खरा फायदा कोणता? नॉब फिरवला की आवाज अखंडपणे बदलतो आणि त्याच नमुन्याची पुनरावृत्ती कानाला टोचत नाही, कारण दोन ठोके अगदी तंतोतंत सारखे येत नाहीत. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये आवाज चांगले असतात. तथापि चालू गाण्यात काचेवर बोट सरकवून किकचा सूर अर्धा स्वर खाली घेणे आणि त्याच वेळी गायकाकडे पाहणे हे जवळजवळ अशक्य असते. हाताला न पाहता सापडणारा नॉब ही साथीदाराच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे, आणि भजनाच्या बाबतीत ती अधिकच मोलाची ठरते, कारण भजनाची लय एका जागी थांबत नाही. अभंग ठाय लयीत सुरू होतो, टाळकरी चढत जातात आणि शेवटी गजर होतो. कोणतेही यंत्र ही वाढ आपणहून ओळखत नाही. वोल्कावर मात्र टेम्पोचा नॉब समोरच असतो, त्यावर बोट ठेवून पखवाजाच्या पाठोपाठ लय वाढवत नेता येते. यासाठी सराव लागतो आणि पखवाज वाजवणाऱ्याशी डोळ्यांची भाषा जुळावी लागते, पण ते जमते.

आता तालाचा मुद्दा. जवळजवळ सर्व छोटी यंत्रे सोळा स्टेपच्या, म्हणजे ठोका ठेवण्याच्या सोळा घरांच्या, हिशेबाने बांधलेली असतात. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे असल्यामुळे एका मात्रेला दोन स्टेप धरून नीट बसतात, तीनतालही बसतो. दादरा, रूपक, झपताल आणि दीपचंदी येथे बहुतेक नवखे वादक अडतात. वोल्का बीट्समध्ये यासाठी ‘अ‍ॅक्टिव्ह स्टेप’ नावाची सोय आहे. या सोयीने नको असलेल्या स्टेप बंद केल्या की यंत्र त्या वगळून पुढे जाते. शेवटच्या चार स्टेप बंद केल्या की बारा उरतात आणि दादऱ्याच्या सहा मात्रा, प्रत्येकी दोन स्टेप, तयार होतात. शेवटच्या दोन बंद केल्या की रूपकाच्या सात मात्रा मिळतात. दहा ठेवल्या तर झपताल एका मात्रेला एक स्टेप या मापाने बसतो, मात्र त्यात मधले भरणे टाकायला जागा राहत नाही.

दादरा बसवताना मी पुढीलप्रमाणे करतो. सम पहिल्या स्टेपवर आणि दुसरी मात्रा तिसऱ्या स्टेपवर येते, या दोन्ही ठिकाणी किक ठेवावी, कारण धा आणि धिं या बोलांत बाया, म्हणजे तबल्याचा डग्गा, घुमतो. चौथी मात्रा, म्हणजे सातवी स्टेप, ही ‘खाली’ची, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेची, जागा आहे. तेथे किक अजिबात न ठेवता वरच्या सुराचा टॉम ठेवला की आवर्तनाचा उत्तरार्ध कानाला स्वच्छ कळतो. ‘ना’च्या मात्रांना, म्हणजे पाचव्या आणि अकराव्या स्टेपला, क्लेव्हचा कोरडा आवाज अगदी खालच्या लेव्हलवर पुरतो. उरलेल्या सम संख्येच्या स्टेप रिकाम्या ठेवाव्यात. नवीन यंत्र हाती आले की त्या भरण्याचा मोह होतो, परंतु त्या भरल्या की दादऱ्याची झुलती चाल जाते आणि सगळे सपाट ऐकू येते.

वोल्का बीट्सची मोठी उणीव येथेच आहे. प्रत्येक ठोक्याचा जोर त्यात वेगळा ठेवता येत नाही. समेवरची किक आणि दुसऱ्या मात्रेवरची किक सारख्याच ताकदीने पडते, आणि तबला-पखवाज ऐकत वाढलेल्या कानाला हे लगेच खटकते. शिवाय त्याचा स्नेअर पातळ आहे. ही तक्रार जगभर होत आली आहे आणि सर्किटमधील एक कपॅसिटर बदलून तो सुधारणारेही आहेत, पण त्यासाठी यंत्र उघडावे लागते आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागते. स्नेअर आपल्या उपयोगाचा फारसा नसल्यामुळे मी या दोषाला तितके महत्त्व देत नाही. जोराची उणीव मात्र खरी आहे.

ड्रमब्रूट इम्पॅक्ट, जे २०१८ साली आले, या बाबतीत बरेच पुढे आहे. त्यात दहा अ‍ॅनालॉग आवाज आहेत, ठोक्यांना अ‍ॅक्सेंट म्हणजे जोर देता येतो, पॅटर्न चौसष्ट स्टेपपर्यंत लांबवता येतो आणि प्रत्येक आवाजाची लांबी स्वतंत्र ठेवता येते. चौसष्ट स्टेप मिळाल्यामुळे झपतालाला एका मात्रेला चार स्टेप, म्हणजे चाळीस स्टेप, देता येतात आणि दीपचंदीच्या चौदा मात्रा छप्पन स्टेपमध्ये आरामात मावतात. स्वतंत्र लांबीचा उपयोगही जपून केला तर सुंदर होतो. किक आठ मात्रांवर ठेवून एखादा बारीक आवाज सहा मात्रांवर फिरवला तर तो चोवीस मात्रांनी पुन्हा समेवर येतो, आणि तिहाईची गोडी माहीत असलेल्या श्रोत्याला ही गाठ आवडते. याशिवाय त्याच्या मागे किक, स्नेअर, हॅट आणि एफएम ड्रम यांचे वेगळे आउटपुट आहेत. आपल्याकडे कार्यक्रमात साउंडवाले कोणते लोक येतील हे आधी माहीत नसते, म्हणून किकची वायर मिक्सरवर वेगळ्या चॅनेलला देता येणे ही मोठी सोय आहे. हे यंत्र बॅटरीवर चालत नाही, हा त्याचा एकच दोष मला जाणवतो.

बेहरिंगरचे आरडी-६ स्वस्त आहे आणि टीआर-६०६ च्या धर्तीचे त्याचे आवाज खणखणीत आहेत, परंतु बहुतेक आवाजांना केवळ लेव्हलचा नॉब असल्यामुळे सूर मिळवण्याला वाव राहत नाही. मूगचे डीएफएएम हे विलक्षण वाद्य आहे. आठ स्टेपचे असल्यामुळे केरवा त्यात जन्मतःच बसलेला आहे आणि प्रत्येक स्टेपचा सूर व जोर वेगळा ठेवता येतो. पण किंमत पाहता ते पहिले यंत्र म्हणून मी सुचवणार नाही.

सुराकडे वळू. ड्रम मशीनच्या किकला सूर असतो, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको, कारण बाया आणि पखवाजाची धुम आपण रोज ऐकतो. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात किक थोडी बेसूर असली तरी चालून जाते. आपल्याकडे पेटी, तानपुरा आणि गायक एकाच षड्जावर स्थिर असल्यामुळे बेसूर किक पूर्ण बैठक बिघडवते. गायिका काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गात असतील तर खालचा षड्ज सुमारे ५२ हर्ट्झवर येतो. पुरुष गायक काळी एकमध्ये असेल तर ३५ हर्ट्झचा षड्ज लहान स्पीकरमधून ऐकूच येत नाही, म्हणून त्याच्या वरचा, सुमारे ६९ हर्ट्झचा, षड्ज धरावा. मिळवण्याची रीत अशी : प्रथम किकचा डिके (आवाज विरण्याचा काळ) पूर्ण लांब करावा, म्हणजे आवाज रेंगाळतो आणि कानाला सूर पकडता येतो. मग पेटीवर षड्ज धरून पिचचा नॉब सावकाश फिरवावा आणि दोन्ही सुरांतील लहर थांबेपर्यंत थांबू नये. सूर मिळाला की डिके पुन्हा आखूड करावा. मोबाईलमधील ट्यूनर इतक्या खालच्या सुराला नेहमी ओळखतोच असे नाही, म्हणून कानावर भिस्त ठेवावी. ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर पेटी शिकवली, त्या भागातील मंडळींच्या कानाला हे जड जाऊ नये.

येथे आणखी एक सूचना करतो. यंत्र पेटीला मिळवावे, पेटी यंत्राला मिळवण्याचा हट्ट धरू नये. मंडळाची पेटी जुनी असते, तिचे सूर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात थोडे सरकतात आणि ती आंतरराष्ट्रीय मापावर असेलच याची खात्री नसते. सिंथेसायझरमध्ये ‘मास्टर ट्यून’ (सगळे स्वर एकदम वर-खाली करण्याची सोय) असते ती याच कामासाठी वापरावी. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा सूर तापमानानेही सरकतो. माघातील जत्रेत रात्री उघड्या मंडपात यंत्र थेट पिशवीतून काढून वाजवायला घेतले तर पहिल्या दोन गाण्यांत ते हलके हलके सरकत राहते, म्हणून कार्यक्रमाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी ते चालू करून ठेवावे आणि मगच सूर मिळवावा.

सिंथेसायझरसाठी मी कोर्गचा मोनोलॉग सुचवतो, आणि त्याचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे. तो २०१७ साली आला. एका वेळी एकच स्वर वाजवणारा, दोन ऑसिलेटरचा, पंचवीस बारीक पट्ट्यांचा हा वाद्यप्रकार सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि त्यात केलेले आवाज साठवता येतात, जे वोल्का मालिकेतील अ‍ॅनालॉग यंत्रांत शक्य नाही. परंतु त्याची खरी किंमत त्यातील मायक्रोट्यूनिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक स्वर बारीक मापाने वर-खाली लावण्याच्या सोयीत, आहे. पाश्चात्त्य पद्धतीने समान वाटलेल्या सप्तकात शुद्ध गंधार ४०० सेंटवर (पूर्ण सप्तक १२०० सेंटचे) असतो, तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर येतो. पंचमात फरक अवघा दोन सेंटचा असल्यामुळे तो जाणवत नाही, पण गंधारातील चौदा सेंट आणि जवळजवळ तितकाच धैवतातील फरक भूप गाताना स्पष्ट बोचतो. मोनोलॉगमध्ये आपली स्वरपट्टी स्वतः बसवून साठवता येते. एवढ्या लहान आणि तुलनेने परवडणाऱ्या अ‍ॅनालॉग वाद्यात ही सोय मिळणे मला फार महत्त्वाचे वाटते. षड्ज बदलला की ती पट्टी नव्या षड्जापासून मोजावी लागते, हे मात्र विसरू नये. आणि पेटी साध्या समान वाटणीची असेल तर दोघांचा गंधार एकमेकांशी भांडतो, तेव्हा अशा बैठकीत ही सोय बंदच ठेवावी.

मोनोलॉगवर काय करता येते याचा एक नमुना देतो, कारण तो आपल्याच भागातला आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी ऑर्केस्ट्रात सतत मागितली जातात, मग ती कन्नड असोत वा मराठी, आणि त्यांत चौंडक्याचा, म्हणजे तार ताणून सूर चढवायच्या लोकवाद्याचा, तो वर चढणारा आवाज नसेल तर गाणे उभे राहत नाही. ऑक्टोपॅडवर ठेवलेला ध्वनिमुद्रित चौंडक्याचा नमुना प्रत्येक वेळी सारखाच चढतो आणि लवकर कंटाळा आणतो. मोनोलॉगवर त्रिकोणी लहर घ्यावी, एन्व्हेलपचा (ठोक्यानंतर आवाज कसा बदलत जाईल हे ठरवणाऱ्या भागाचा) रोख फिल्टरकडून काढून सुराकडे वळवावा, डिके आखूड ठेवावा आणि एन्व्हेलपची मात्रा शून्याच्या किंचित खाली न्यावी. असे केले की स्वर थोडा खालून सुरू होऊन चटकन आपल्या जागी चढतो. उजव्या हाताने पट्टी वाजवत डाव्या हाताने हीच मात्रा कमी-जास्त केली की प्रत्येक ठोक्याचा चढ वेगळा येतो, अगदी दोर ताणणाऱ्या हातासारखा. हुबेहूब चौंडके नव्हे, पण त्याचा जीव त्यात येतो, आणि जेथे प्रत्यक्ष वादक मिळत असेल तेथे त्यालाच बोलवावे हे मी आग्रहाने सांगेन.

बेहरिंगरचे टीडी-३ हे १९८१ च्या रोलँड टीबी-३०३ या बेसचे स्वर वाजवणाऱ्या यंत्राची नक्कल आहे आणि त्यातील एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणारी ‘स्लाइड’ आपल्या मींडेची आठवण करून देते. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच टीबी-३०३ आणि टीआर-८०८ वापरून राग ध्वनिमुद्रित केले होते, त्यात हा गुण उपयोगी पडला. तथापि टीडी-३ मध्ये स्वर आणि त्यांची वेळ वेगवेगळी भरावी लागते, त्यामुळे ऐन कार्यक्रमात त्यात काही नवीन बसवणे कठीण जाते. घरी बसून अभ्यास करणाऱ्यांसाठी ते उत्तम आहे. वोल्का बेसमध्ये तीन ऑसिलेटर असून त्यांचे सूर वेगवेगळे लावता येतात, म्हणून षड्ज-पंचम-षड्ज असा भरणा त्यात चांगला मिळतो.

आता वाद्यवृंदात यांची जागा कोणती, हे पाहू. भजनात टाळ असतात. टाळांनी वरची सगळी जागा व्यापलेली असते, म्हणून ड्रम मशीनचे हाय-हॅट भजनात पूर्ण बंद ठेवावेत. ते चालू राहिले तर टाळांची चमक जाते आणि लयीत जरा फरक पडला तरी दोन्ही आवाज एकमेकांवर आदळतात. हलगी असेल तेथे टॉम आणि स्नेअर यांना काही काम उरत नाही, कारण हलगीची थाप दोघांनाही झाकते. यंत्राने खालचा मजला सांभाळावा, किक आणि एखादा लांब बेसचा स्वर, इतकेच. बंगळूरच्या रेडेल कंपनीच्या तालमालेसारखे यंत्र ठेक्यासाठी, रियाजासाठी आहे आणि ते काम ड्रम मशीन करणार नाही. त्याचप्रमाणे ऑक्टोपॅड विकून हे यंत्र घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. ऑक्टोपॅडवर हाताने वाजवलेली ढोलकी आणि खाली यंत्राची स्थिर किक, ही जोडी ऑर्केस्ट्रात सर्वांत चांगली चालते.

कार्यक्रमात डॉल्बी असेल तर आणखी काळजी घ्यावी. अ‍ॅनालॉग किकचा सुरुवातीचा धक्का ध्वनिमुद्रित किकपेक्षा बराच मोठा असू शकतो आणि बेस बॉक्सच्या भिंतीवर तो थेट सोडला तर स्पीकरचे नुकसान होऊ शकते. आवाज तपासताना लेव्हल शून्यापासून वर न्यावी आणि साउंडवाल्यांना लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देणारी सोय) लावायला सांगावे. वोल्काचे आउटपुट हेडफोनच्या छोट्या पिनचे असल्यामुळे छोट्या पिनेतून मोठ्या पिनेत जाणारी चांगली वायर आणि एक डीआय बॉक्स (यंत्राचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी) जवळ ठेवावा. घरघर येत असेल तर अ‍ॅडाप्टर काढून सेलवर वाजवून पाहावे, पुष्कळदा दोष अ‍ॅडाप्टरचाच निघतो.

अ‍ॅडाप्टरविषयी विशेष इशारा देतो. वोल्कासोबत अ‍ॅडाप्टर येत नाही. त्याला नऊ व्होल्टचा, मधली बाजू धन असलेला अ‍ॅडाप्टर लागतो. गिटारच्या पेडलचे नऊ व्होल्टचे अ‍ॅडाप्टर बहुधा याच्या उलट, मधली बाजू ऋण असलेले असतात आणि काही वेळा त्यांची पिनही बसते. ऑर्केस्ट्रात गिटारवादक शेजारीच असतो आणि गडबडीत वायरी बदलतात, म्हणून आपल्या अ‍ॅडाप्टरला रंगीत पट्टी चिकटवून ठेवावी.

वोल्का आणि ड्रमब्रूट या दोघांतही पॅटर्न साठवता येतो, पण नॉबची स्थिती साठवली जात नाही. सूर मिळवून झाला की यंत्राचा वरून सरळ फोटो काढावा आणि गाण्याच्या नावाने ठेवावा. आणि लाईट जाण्याचा भरवसा नसल्यामुळे नवीन पॅटर्न झाला की लगेच सेव्ह करण्याची सवय लावावी.

जुने यंत्र घेण्याबद्दलही प्रश्नात उल्लेख आहे. पुणे किंवा बंगळूरहून जुने यंत्र मागवण्यास हरकत नाही, परंतु पैसे देण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगावा आणि खरखर येते का ते हेडफोन लावून ऐकावे. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत वापरलेल्या यंत्रात ही खरखर हमखास असते. ती थोडीशी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. सेलचा कप्पा उघडून पत्र्यावर हिरवट गंज आहे का ते पाहावे, सोळाही स्टेपची बटणे दाबून दिवे लागतात का ते पाहावे आणि हेडफोनची पिन हलवल्यावर आवाज तुटतो का तेही तपासावे. खानापूरकडे किंवा बेळगाव शहरात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या काळात यंत्र बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि आठवड्यातून एकदा सगळे नॉब फिरवावेत.

या वादकांसाठी माझा क्रम असा राहील : कार्यक्रम हे उत्पन्नाचे साधन असल्यामुळे आधी ड्रमब्रूट इम्पॅक्ट, आणि पुढे पैसे जमतील तेव्हा मोनोलॉग. दोन्हींपुरते पैसे आज नसतील तर घाईने दोन स्वस्त यंत्रे घेऊ नयेत. फक्त गावच्या भजनापुरतेच वापरायचे असते तर मी सेलवर चालणारे वोल्का बीट्स सुचवले असते, कारण गावच्या देवळात प्लगची जागा नेहमी तुळशीवृंदावनाच्या पलीकडे असते.